बांधलेले हात

‘म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण’ हे वाक्य माझ्या ३६ वर्षांच्या परिचारिकेच्या नोकरीत मी किती वेळा ऐकले आणि स्वतःही किती वेळा उच्चारले, याची गणती नाही. रुग्णाच्या नातेवाइकांची समजूत घालताना ते फार सोयीचे पडते. आता मात्र ते माझ्या तोंडून निघत नाही. मूल अंथरूण ओले करते तेव्हा त्याला त्याची लाज नसते. ८३ वर्षांच्या बाईला ती असते. आणि ज्या सुनेला तिने हाताला धरून पहिल्यांदा आपले स्वयंपाकघर दाखवले, तिच्याच हातून अंग पुसून घेताना ती लाज कितीतरी पटींनी वाढते. हा फरक मला पुस्तकांनी शिकवला नाही. तो माझ्या सासूबाईंनी, आमच्या माईंनी शिकवला. आणि तोही मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर.

माई मूळच्या सांगलीकडच्या. १९५३ साली लग्न होऊन त्या इंदूरला आल्या आणि रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या होऊन गेल्या. नंदलालपुऱ्याच्या भाजीबाजारात त्या खास इंदुरी हिंदीत अशी घासाघीस करीत, की भाजीवाल्याने हात टेकावेत. पण घराचा उंबरठा ओलांडून आत आल्या की मराठीखेरीज शब्द नाही. पहाटे उठून पाणी भरण्याची त्यांची सवय शेवटपर्यंत टिकली. नर्मदेचे पाणी इंदूरला आले ते १९७८ मध्ये. त्याआधीची टंचाई ज्यांनी सोसली, त्या पिढीच्या बायकांच्या मनातून ‘नळ जाईल’ ही धास्ती कधीच गेली नाही. घरात वर टाकी बसली, मोटार बसली, तरी माईंचा एक हंडा भरलेला असायचाच.

जानेवारी २०१९ मध्ये, संक्रांतीच्या चार दिवस आधी, माई न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात त्यांना दाखल केले आणि तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली, असे डॉक्टरांनी सांगितले. आणि ते खरेही होते. शस्त्रक्रियेनंतर त्यांना ज्या कक्षात ठेवले, तेथे नातेवाइकांना रात्री थांबू देत नसत. मी दोन रात्रींची जागी होते. जाताना मी एक शहाणपणाचे काम केले, निदान त्या वेळी मला ते शहाणपणाचे वाटले. माईंचा चष्मा, कानातले यंत्र आणि कवळी रुमालात नीट बांधून मी घरी नेली. रुग्णालयात अशा वस्तू हरवतात, हे मला ३६ वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी परत गेले, तेव्हा माईंचे दोन्ही हात पलंगाच्या कठड्यांना बँडेजने बांधलेले होते.

रात्रपाळीची परिचारिका दमलेली होती. तिने मला सगळे सांगितले, त्यात काही लपवले नाही. रात्री अकरानंतर अम्माजी एकाएकी उठू लागल्या, सलाइन ओढून काढले, कठड्यावरून पाय टाकला, आरडाओरडा केला. कोणाचे ऐकेनात. पुन्हा पडल्या असत्या तर? म्हणून हात बांधले. पलीकडे फरशी पुसणारी आया हसत म्हणाली, “रातभर अम्माजी शिक्षा माँग रही थीं. इस उमर में पढ़ाई करेंगी!”

मला ते हसणे आधी कळलेच नाही. मग मी माईंच्या तोंडाजवळ कान नेला. कवळी नसल्याने शब्द अस्पष्ट होते. त्या पुटपुटत होत्या, “मला शिक्षा का करता? मी काय केलं? मला शिक्षा का करता?”

आपल्यापैकी जे हिंदी मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिले आहेत, त्यांना या शब्दाची गंमत ठाऊक आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. लहानपणी शाळेत आम्ही यावर विनोद करीत असू. त्या सकाळी तो विनोद राहिला नाही. ६६ वर्षे इंदुरात काढलेली, सगळा व्यवहार हिंदीत केलेली बाई त्या रात्री हिंदी पार विसरली होती. तिला आठवत होती ती फक्त सांगलीची मराठी, आणि त्या मराठीत ती विचारीत असलेला प्रश्न तेथे कोणालाच कळला नाही.

माझ्या हातांनी गाठी सोडायला सुरुवात केली. पण मन भलतीकडेच गेले होते.

१९८६ सालची गोष्ट. एका जिल्ह्याच्या गावी सरकारी रुग्णालयात माझी बदली झाली होती. पुरुषांचा शस्त्रक्रिया विभाग, चाळीसच्या वर रुग्ण, रात्री आम्ही दोघी. प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया झालेला एक म्हातारा शेतकरी मध्यरात्री उठून दाराकडे निघाला. लघवीची नळी ओढली, रक्त आले. बैल सुटले, बैल सुटले, असे तो माळवीत ओरडत होता. मी वॉर्डबॉयला हाक मारली आणि आम्ही दोघांनी त्याचे हात पलंगाला बांधले. पहाटेपर्यंत तो निपचित झाला. अहवालाच्या वहीत मी लिहिले, ‘रुग्ण शांत’. घरी जायच्या दिवशी तो पूर्ण शुद्धीवर होता. धोतराचा सोगा सावरीत तो माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, “बाई, मेरे हाथ क्यों बाँधे थे? मैंने कोई चोरी तो नहीं की थी.” मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले, ते आठवत नाही. म्हणजे ते उत्तर नव्हतेच.

ही जी अवस्था होते, तिला वैद्यकात डिलिरियम म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसे ‘वात झाला’, ‘वातात बडबडतोय’ असे म्हणत, ते याच अवस्थेला. हे वेड नव्हे आणि नेहमीचा विसराळूपणाही नव्हे. विस्मरणाचा आजार महिन्या-वर्षांनी वाढत जातो. डिलिरियम काही तासांत किंवा दिवसांत येतो, दिवसभर कमी-जास्त होतो आणि बहुधा संध्याकाळी, रात्री चढतो. आदल्या दिवशी नातवंडांची नावे धडाधड सांगणारा माणूस रात्री स्वतःच्या मुलाला ओळखत नाही. मेंदू थकलेला असतो आणि त्यावर शरीराचा कसलातरी भार पडतो: जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, न सांगितलेली वेदना, काही औषधे, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, झोपेचा खेळखंडोबा. त्यात दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि भोवतालची भाषा परकी. मग मेंदू आपल्या जुन्या कोठारातून जे हाती लागेल ते काढतो आणि त्यातून समोरच्या अंधाराचा अर्थ लावू पाहतो.

डिलिरियमचा दुसरा प्रकार याहून फसवा असतो. त्यात माणूस ओरडत नाही. गुंगीत पडून राहतो, विचारले तर उशिरा उत्तर देतो, जेवत नाही. नातेवाईक म्हणतात, ‘बरे झाले, आज झोप लागली.’ परिचारिका लिहिते, ‘रुग्ण शांत’. तो शांत नसतो, तो हरवलेला असतो. माझ्या त्या शेतकऱ्याच्या बाबतीत मी हे लिहून मोकळी झाले होते.

माईंचे हात सुटले, तरी त्या उठायची धडपड करीतच होत्या. मी त्यांचा उजवा कान धरून, त्यातल्या त्यात तो कान बरा, मोठ्याने पण सावकाश विचारले, “माई, कुठं जायचंय?”

“पाणी आलंय. हंडे रिकामे आहेत. नळ गेला म्हणजे?”

एरवी मी म्हटले असते, माई, अहो आपण दवाखान्यात आहोत, कसले हंडे घेऊन बसलात? प्रशिक्षणात आम्हांला तेच शिकवले होते, की रुग्णाला सत्याची जाणीव करून द्यावी. ते चूक नाही. पण घाबरलेल्या माणसाशी सत्यावरून वाद घालता येत नाही. हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ साली लिहिलेला ग्रंथ आमच्या विषयातला मूळ ग्रंथ मानला जातो. चिंतेच्या पायऱ्या त्यांनीच परिचारिकांना समजावून दिल्या: सौम्य, मध्यम, तीव्र, आणि शेवटी भयाने सैरभैर होणे. चिंता जसजशी वाढते, तसतसे माणसाला दिसण्या-समजण्याचे क्षेत्र आकसत जाते. शेवटच्या पायरीवरच्या माणसाला लांब वाक्य कळत नाही, कारण कळत नाही. कळतो तो आवाजाचा सूर, हाताचा स्पर्श आणि दोन-तीन शब्द. परीक्षेत मी हे उत्तर लिहून चांगले गुण मिळवले होते.

मी माईंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “माई, पाणी भरलं.”

“दोन्ही हंडे?”

“दोन्ही हंडे. घागरसुद्धा.”

“आणि घंगाळ?”

“घंगाळही भरलं.”

माईंनी डोके उशीवर टेकले. रात्रभरात पहिल्यांदा टेकले असावे.

हे खोटे बोलणे झाले का? मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, त्या वेळी त्यांचा खरा प्रश्न पाण्याचा नव्हता. घराची जबाबदारी माझ्यावर आहे आणि मी अडकून पडले आहे, हा होता. त्याला ‘घर सांभाळले जात आहे’ हे उत्तर खरेच होते. दिवसा, त्या निवल्यावर, आपण कोठे आहोत आणि का आहोत, हे मी त्यांना दर वेळी सांगत राहिले.

परंतु पोटाकडे लक्ष गेले नसते, तर हे सगळे बोलणे वायाच गेले असते. आदल्या संध्याकाळी लघवीची नळी काढली होती आणि त्यानंतर लघवी झाल्याची नोंद कागदावर नव्हती. निवासी डॉक्टरांनी पोट तपासले. मूत्राशय तुडुंब भरलेले होते. नळी घालून ते मोकळे केले. माई रात्रभर उठू पाहत होत्या, त्याला असे साधे कारण होते. त्या अवस्थेत त्याचेच हंडे आणि नळ झाले होते. वेदनाशामकही त्यांनी मागितले नव्हते, कारण ‘दर्द है क्या?’ हा प्रश्न कानात यंत्र नसलेल्या बाईला पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून विचारला गेला होता. आणि ते यंत्र, तो चष्मा आणि ती कवळी आमच्या घरी कपाटात, रुमालात नीट बांधून ठेवलेली होती. रात्रपाळीच्या मुलीवर रागवायला माझ्याजवळ तोंडच नव्हते. तिने हात बांधले. त्याआधी डोळे आणि कान मी बांधून आले होते.

१९९९ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातील डॉ. शॅरन इनौये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ७० वर्षांवरील ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्या रुग्णांकडे काही साध्या गोष्टींसाठी मुद्दाम लक्ष पुरवले: दिवस-वार-ठिकाण वारंवार सांगणे, चष्मा व श्रवणयंत्र वापरायला देणे, पाणी पाजणे, शक्य तितक्या लवकर हिंडवणे-फिरवणे, रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम पेय, पाठीला मालिश आणि शांतता. नेहमीच्या व्यवस्थेत १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला. या व्यवस्थेत ९.९ टक्क्यांना. एकदा तो झाल्यावर मात्र या उपायांनी त्याची तीव्रता फारशी घटली नाही. म्हणजे कणव हवी ती आधी. यातली कोणती गोष्ट आपल्या आजीला ठाऊक नव्हती? आपण ती रुग्णालयाच्या दाराबाहेर ठेवून आत जातो, इतकेच.

त्या दिवशी दुपारी मी एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत हिंदीत लिहून तो माईंच्या पलंगाशी चिकटवला. ‘इन्हें माई कहिए. ये मराठी बोलती हैं. दाएँ कान से सुनती हैं, सामने आकर धीरे बोलिए. चश्मा और कान की मशीन दराज में है.’ खाली दोन रांगांत शब्द: दुखतंय म्हणजे दर्द, भीती वाटते म्हणजे डर लगता है, शू म्हणजे पेशाब, नको म्हणजे नहीं चाहिए. आणि शेवटी, शिक्षा म्हणजे सज़ा. घरून भिंतीवरचे मराठी कॅलेंडर आणि मोठे घड्याळ आणले. अधिकाऱ्यांना विनंती करून रात्री पलंगाशेजारी बसण्याची परवानगी मिळवली.

दुसऱ्या रात्रीला केरळची एक तरुण परिचारिका होती. तिने तो कागद शाळकरी मुलीसारखा मोठ्याने वाचला. मग माईंच्या समोर येऊन, वाकून, आपल्या मल्याळी उच्चारात म्हणाली, “माई, दुखतंय का?” माईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “थोडं.” त्या एका शब्दावर त्यांना वेळेवर औषध मिळाले आणि त्या चार तास सलग झोपल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ओळखले, पाचव्या दिवशी तिळगूळ वाटला का, म्हणून विचारले. संक्रांत होऊन गेली होती.

वाचकांना वाटेल, संकट संपले. मलाही तसेच वाटले होते. खरे संकट घरी आल्यावर सुरू झाले आणि त्याचा गलबला मुळीच नव्हता.

रुग्णालयात जो ताण असतो, तो जिवाचा असतो. घरी परतल्यावर येतो तो स्थानाचा. माई परत आल्या, तोवर त्यांच्या घरात सगळे बदलले होते. सोयीसाठी त्यांचा पलंग आम्ही बाहेरच्या खोलीत आणला होता. कपाटाच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या होत्या. दूधवाल्याचा हिशेब यांनी हाती घेतला होता. हे सर्व आम्ही त्यांना त्रास नको म्हणून केले. चांगली शुश्रूषा म्हणजे रुग्णाला काहीच करू न देणे, अशी आपली एक समजूत असते, आणि व्यवसायाने परिचारिका असूनही मी तिच्यातून सुटले नव्हते. माई वॉकर धरून दहा पावले चालत, डॉक्टर खूश होत; पण त्यांचे जेवण कमी होत गेले. तिसऱ्या आठवड्यात त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. एकदा म्हणाल्या, “आता देवानं नेलं तर बरं.”

असे वाक्य म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी नेहमीचेच, म्हणून आपण ते कानांआड करतो किंवा ‘असे बोलू नये’ म्हणून गप्प बसवतो. दोन्ही चूक. माझ्या व्यवसायाने मला हे तरी शिकवले होते, की विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट विचारले की माणूस एकटा उरत नाही. मी त्यांच्याजवळ बसून स्पष्टच विचारले, “माई, स्वतःहून जिवाचं काही करावं असं मनात येतं का?” त्या म्हणाल्या, “तसलं नाही गं. पण माझा काही उपयोग राहिला नाही.” तरीही मी डॉक्टरांना सर्व सांगितले, कारण म्हातारपणातली खिन्नता हा वयाचा धर्म नसून आजार असू शकतो आणि त्यावर उपचार असतात. आज तर १४४१६ या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर कोणालाही निःशुल्क बोलता येते आणि १४५६७ हा मदतीचा क्रमांक खास ज्येष्ठांसाठीच आहे. मुले पुण्याला नाही तर परदेशी आणि रामबागेत किंवा बडोद्यात दोनच वृद्ध जीव, अशी घरे आता थोडी नाहीत. त्यांनी हे दोन क्रमांक टेलिफोनजवळ लिहून ठेवावेत.

याच दिवसांत माझ्या हातून जे घडले, तेही सांगितले पाहिजे. एका संध्याकाळी तासाभरात माईंनी मला सात वेळा हाक मारली. उशी सरकव, पंखा बंद कर, पंखा लाव. सातव्या हाकेला मी ओरडले, “माई, मला दोनच हात आहेत!” त्या काही बोलल्या नाहीत. त्या रात्री त्यांनी हाक मारलीच नाही. पहाटे पाहते तो अंथरूण ओले आणि माई जाग्या. कोणाला कळू नये म्हणून तशाच ओल्यात पडून होत्या. ३६ वर्षांत मी कोणा रुग्णावर असा आवाज चढवला नव्हता, आणि मी स्वतःला मोठी सहनशील समजत होते. त्या पहाटे मला उमगले, की माझी सहनशीलता आठ तासांच्या पाळीची होती. पाळी संपली की दुसरी परिचारिका येई, मी तिला रुग्ण सोपवी आणि घरी जाई. घरातल्या शुश्रूषेला पाळी नसते, आणि ती करणारी बहुधा एकटी सूनच असते. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला धीर द्यायचा, तर देणाऱ्याजवळ तो उरलेला असावा लागतो.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रीतसर ड्यूटी लावली. एक दिवसाआड रात्र यांची. हे आधी संकोचले, माईही संकोचल्या, पण चार दिवसांत दोघेही सरावले. बडोद्याहून नणंदबाई पंधरा दिवसांसाठी आल्या. पुण्याचे भाऊजी येऊ शकत नव्हते, त्यांनी दिवसाच्या बाईचा पगार उचलला आणि रोज संध्याकाळी सात वाजता फोनवर आईशी अर्धा तास बोलायचे कबूल केले. त्या अर्ध्या तासात मी शेजारच्या वहिनींबरोबर फिरायला जाई. मदत मागायला मला लाज वाटत होती, हे आता कबूल करते.

माईंना मी एक पितळी घंटी दिली आणि सांगितले, की रात्री वाजवा. आणि त्याबरोबर कपाटाच्या किल्ल्याही परत दिल्या. त्यांनी त्या उशीखाली ठेवल्या. दुसऱ्या दिवसापासून मी डाळ निवडायला त्यांच्यापुढे सूप ठेवू लागले. फुलवातींसाठी कापूस ठेवला. काय भाजी करू, हे विचारल्याशिवाय चूल पेटवीनाशी झाले. प्रत्येक गोष्टीत दोनच पर्याय द्यावेत, फार नकोत, पण ते खरे असावेत: आधी चहा की आधी आंघोळ, खिडकी उघडी की बंद. वैशाखात कैरीचे लोणचे घातले, तेव्हा माई खुर्चीत बसून मीठ मोजीत होत्या आणि मी खारावणार म्हणून नणंदबाईंना फोनवर सांगत होत्या. त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या.

आणि त्या बोलू लागल्या. १९६३ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी असे मांडले, की वार्धक्यात माणूस मागचे आठवतो, ते भ्रमिष्टपणाचे लक्षण नसून आयुष्याचा हिशेब लावण्याची ती नैसर्गिक धडपड असते. आपण मात्र ‘तेच ते काय सांगता’ म्हणून त्यांना तोडतो. माईंनी मला त्या उन्हाळ्यात प्रथमच सांगितले, की माझ्या यजमानांच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती आणि ती अकराव्या दिवशी गेली. त्या वेळी घरात कोणी तिचे नावही काढू दिले नव्हते. ५० वर्षांहून अधिक काळ त्यांनी ते दुःख एकट्याने वाहिले होते. मी काही बोलले नाही. निवडलेली डाळ पुन्हा निवडत बसले.

माई २०२२ च्या मार्गशीर्षात गेल्या. घरीच, त्यांच्या स्वतःच्या खोलीत. पलंग आम्ही केव्हाच परत तेथे नेला होता. पण ज्यासाठी हा लेख लिहायला बसले, ते सांगायचे राहिले आहे.

२०१९ च्याच श्रावणात एका दुपारी वाती वळता वळता त्यांनी एकदम विचारले, “दवाखान्यात माझे हात बांधले होते का गं? की मला नुसता भास झाला?”

त्या अवस्थेतले सगळेच पुसले जाते, असे आपल्याला वाटते. तसे नसते, पुष्कळ रुग्णांना तुकड्या-तुकड्यांनी आठवत राहते, आणि खरे किती, भास किती, हे न कळण्याचे भय उरते. ‘भासच तो’ म्हणणे मला फार सोपे होते. यांनीही नंतर मला तेच सुचवले. पण त्या बाईने सहा महिने हा प्रश्न जवळ ठेवून मला विश्वासाने विचारला होता.

“हो माई, बांधले होते,” मी म्हणाले. “तुम्ही पडाल म्हणून. आणि चष्मा, यंत्र मी घरी आणलं होतं, ती चूक माझी.” मग मी त्यांना तो १९८६ सालचा शेतकरीही सांगितला. आजवर घरात कोणालाच सांगितला नव्हता.

माईंनी वात वळून तबकात ठेवली. “त्यानं विचारलं, तेव्हा तू काय सांगितलंस?”

“काहीच नाही.”

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “सांगितलं असतं तरी मला तेव्हा कळलं नसतं म्हणा. पण सांगायला हवं होतं.”

एवढे बोलून त्यांनी कापसाचा पुढचा पेळू उचलला.